कितीवर फेल?

फेलकाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं तो त्यांच्या मशिनवर एकदा तरी पोळलेला असणार. प्रयोगशाळेच्या खिडकीशी काँक्रीटचे ठोकळे घेऊन येणारे टेम्पोवाले, साइटवरचे सुपरवायझर, ठेकेदारांची माणसं आपसांत विचारायची, "आज मशिनवर कोण आहे? फेलकाकू का?" हो म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. हे नाव पहिल्यांदा काकूंच्या कानावर आलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "माझ्या हातून आजवर एकही ठोकळा धड बाहेर गेलेला नाही."

हे शब्दशः खरं होतं. इमारतीचा खांब ओतताना त्यातलंच काँक्रीट लहान चौकोनी लोखंडी साच्यांत भरतात, सळईने ठोसतात, वरची बाजू थापीने सारखी करतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग ते आठ-आठ किलोचे ठोकळे तपासायला पाठवतात. तपासायचं म्हणजे फोडायचं. माणसाच्या उंचीचं मशीन, त्यात वर एक आणि खाली एक अशा दोन जाड पोलादी प्लेटा, मध्ये ठोकळा, समोर जाळीचं दार. तेलाचा पंप घुं घुं करायला लागला की प्लेटा ठोकळ्याला दाबत जातात आणि मोठ्या तबकडीवर काळा काटा लाल काट्याला पुढे ढकलत चढतो. ठोकळा फुटला की काळा खाडकन खाली येतो, लाल तिथेच राहतो. लाल काटा दाखवेल तो भार लिहायचा. पास होणारा ठोकळाही फुटतो, फेल होणाराही फुटतो. फरक एवढाच, की कितीवर.

आणि इथेच काकूंचं बाकीच्या जगाशी जमायचं नाही. 'फेल' हा शब्द आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. ब्रेक फेल होतो, किडनी फेल होते, ठरवलेला बेत फेल जातो, पोरगं गणितात फेल होतं, आणि कौतुक करायचं असेल तरी तोच शब्द धावून येतो: हिच्या चहापुढे सगळी हॉटेलं फेल. एवढा राबवून घेतलेला शब्द, पण तो उच्चारला की लोक हात झटकून मोकळे होतात. काकूंना ते खपायचं नाही. शेजारीण म्हणाली, "मिक्सर फेल झाला," की ह्यांचा प्रश्न तयार: "कितीवर? काय वाटत होतात? आधी वास आला का?" शेजारणीला फक्त हळहळ हवी असायची. सासूबाई तर म्हणायच्या, "हिला कुणी गेल्याचं सांगितलं तरी ही विचारेल, कितीवर गेले."

काकूंच्या स्वतःच्या नावापुढेही तो शब्द होता आणि त्यांनीच तो स्वतःच्या हाताने लिहिला होता. प्रयोगशाळेत झाडूवाली म्हणून लागताना अर्जात शिक्षणाचा रकाना होता. नववी पास लिहिता आलं असतं. काकूंनी लिहिलं, 'दहावी फेल, दोन विषय.' कारकून हसला. काकू म्हणाल्या, "नववी पासवाल्याने दहावीचं पुस्तक उघडलेलं नसतं. मी उघडलंय. आणि आठ विषयांपैकी सहा सुटलेत, तेही लिहून घ्या."

पहिली दहा वर्षं त्यांनी फुटलेले ठोकळे झाडले. झाडूवाल्या बाईला मशीन दिसत नाही, पण तुकडे दिसतात. नीट फुटलेल्या ठोकळ्याच्या चारही बाजू सारख्या ढासळतात आणि मध्ये कंबर बारीक झालेला, वर-खाली रुंद असा एक गड्डा उरतो. वाकडा फुटलेला एकाच बाजूने सुटतो, कोपरा उडतो, उरलेला भाग ताठ उभा राहतो. तो ठोकळ्याचा दोष असेलच असं नाही. प्लेटेवर खडा राहिला असेल, ठोकळा तिरका बसला असेल. असला आकडा धरायचा नसतो. एकदा झाडता झाडता काकूंनी त्या वेळच्या साहेबांना थांबवलं. "साहेब, हा नीट फेल झालेला नाही." साहेबांनी तुकडे पाहिले, मशीन पाहिलं आणि वरची प्लेट ठोकळ्यावर सारखी टेकावी म्हणून तिच्यामागे असतो तो बॉल अडकलेला सापडला. पुढच्या वर्षी काकू मशिनवर आल्या. तेव्हापासून प्रत्येक ठोकळा कसा फुटला त्याचं छोटं चित्र त्या रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी काढायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई, तिला नुसता आकडा पुरायचा नाही.

ही झाली काकूंची ऐट. आता त्या ऐटीला तडा कसा गेला ते सांगतो.

रविवारची दुपार होती. काकू स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी चिरत होत्या. दीर आला आणि पाणी न पिता बसला. हा दीर अकरा वर्षांचा असताना काकू लग्न होऊन त्या घरात आल्या, म्हणजे त्याच्या फाटक्या दप्तरापासून मिसरुडापर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं. वीस वर्षं त्याने गवंडीकाम केलं आणि यंदा पहिल्यांदा एका साइटचा मुख्य मुकादम झाला. तीन मजली दवाखान्याची इमारत, एका ठेकेदाराकडे. तळमजल्याचे पहिले सहा खांब उभे राहिले तेव्हा त्याने सगळ्या घराला नेऊन ते दाखवले होते. सासूबाईंनी खांबावरून हात फिरवला होता.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, सहाही खांब फोडायचे म्हणतायत. पंचवीस हवेत, सोळा आलेत."

पंचवीस म्हणजे काँक्रीटची ताकद. त्यामागे एक लांबलचक एकक आहे, पण साइटवर कुणी ते उच्चारत नाही. पंचवीस हवं होतं आणि सोळा आलं म्हणजे काय, ते काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"आणि खांब फुटले की मी गेलोच," दीर म्हणाला. "ज्याचे पहिले सहा खांब फोडले, त्याला पुन्हा खांब कोण देणार?"

काकूंनी कागदावरचा नंबर वाचला. तीनशे अठरा. ठोकळा कोणत्या साइटचा आहे हे मशिनवरच्या माणसाला कळू द्यायचं नाही असा प्रयोगशाळेचा नियम, त्यामुळे त्यांना फक्त नंबर माहीत असायचा. तो त्यांना आठवला.

"मीच फोडलेत हे."

दिराने कागदाची घडी पुन्हा दाबली. मग खाली बघत म्हणाला, "मग काही करता येईल?"

"काय करायचं? सोळाला पंचवीस लिहू?" काकूंचा आवाज चढला. "मला विचारायला लाज नाही वाटली, भाऊजी?"

"तसं नाही हो. पण असं कसं होईल? मी स्वतः उभा होतो. तीन मागतात तर मी सहा ठोकळे भरले, तीन अजून साइटवर पाण्यात आहेत. वरची बाजू तर मी माझ्या थापीने केली. इतकी सुरेख झाली होती, की तिच्यावर काळा रंग फासायचं जिवावर आलं. नंबर बाजूला टाकला मी, वर टाकलाच नाही."

काकूंची सुरी थांबली.

का थांबली ते सांगायला हवं. साच्यात भरलेल्या ठोकळ्याच्या पाच बाजू लोखंडाला टेकलेल्या, म्हणून तंतोतंत सपाट. सहावी, वरची, थापीने केलेली. ती कितीही सुरेख असो, मधे केसभर फुगीर असतेच. म्हणून मशिनमध्ये ती वर किंवा खाली येता कामा नये, नाहीतर सगळा भार त्या फुगवट्यावर पडतो आणि ठोकळा आपल्या कुवतीच्या आधीच फुटतो. साइटवाले नंबर नेहमी ह्याच वरच्या बाजूवर टाकतात. काकूंनी त्यावरून सोपी खूण धरली होती: नंबर आपल्याकडे. नंबर आपल्याकडे तोंड करून बसला, की थापीची बाजू आपोआप समोर येते आणि प्लेटांखाली सपाट बाजू जातात. इतकी वर्षं ही खूण कधी चुकली नव्हती. पण नंबर बाजूला टाकलेला असेल, आणि तो वाचता येईल असा सुलटा ठेवला, तर थापीची बाजू थेट वर जाते. एका ठोकळ्याची नाही, तिन्ही ठोकळ्यांची.

"जेवून जा," काकू म्हणाल्या. "आणि त्या पाण्यातल्या तिघांना हात लावू नका. तुम्हीही नाही, दुसऱ्या कुणीही नाही."

सोमवारी काकू अर्धा तास आधी पोचल्या. रजिस्टर उघडलं. तीनशे अठरासमोर तीन आकडे, तिन्ही सोळाच्या आसपास, आणि शेजारी त्यांच्याच हाताने काढलेली तीन चित्रं. तिन्हींत एक बाजू सुटलेली, कोपरा उडालेला, उरलेला भाग ताठ. म्हणजे काकूंनी वाकडी फूट पाहिली होती, तिचं चित्रही काढलं होतं आणि पान उलटून पुढे गेल्या होत्या. त्या दिवशी बेचाळीस ठोकळे होते हे खरं. पण ते कारण नव्हतं. कारण काय होतं ते त्यांना त्या पानाकडे बघता बघता स्वच्छ कळलं. आकडा सोळा आल्याबरोबर त्यांनी मनात शेरा मारला होता: खराब माल, फुटणारही खराबच. शेरा मारल्यावर हात चित्र काढत राहिला, डोळ्यांनी बघायचं सोडलं. ज्या गोष्टीसाठी त्या जगाला फैलावर घेत, तीच त्यांनी केली होती. फेल म्हटलं आणि मोकळ्या झाल्या.

तरी नुसत्या चित्रावर विसंबायची ही बाई नव्हे. प्रयोगशाळेच्या मागे फुटक्या ठोकळ्यांचा ढीग असतो. छप्पन्न वर्षांच्या काकू पदर खोचून त्या ढिगाशी बसल्या आणि एकेक तुकडा उचलून बाजूला टाकू लागल्या. मशिनवरची दुसरी बाई, वयाने निम्मी म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत, ती आली आणि बघत राहिली.

"काकू, काय हरवलं?"

"तीनशे अठरा. काळा रंग. शोध."

तासाभराने धाकटीला एक तुकडा मिळाला, त्यावर तीन आणि एक हे आकडे शाबूत होते. आकड्यांना लागून वरची बाजू होती, थापीची, खरंच सुरेख केलेली. तिच्या मधोमध पोलादी प्लेटेने दाबून दाबून चकाकी आणलेला डाग होता. कडेला डाग नव्हता. काकूंनी तो तुकडा पदराने पुसला आणि थेट साहेबांच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवला.

हे साहेब तरुण होते, हुशार होते आणि भित्रे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकूंनी पहिलं वाक्य असं टाकलं की साहेबांनी खुर्ची सावरली: "तीनशे अठराचा मुकादम माझा सख्खा दीर आहे, हे मला काल कळलं. आणि तीनशे अठरा मी चुकीचे फोडलेत, हे मला आज कळलं."

"काकू, हळू," साहेब म्हणाले. "असं बघा, त्यांच्याकडे तीन ठोकळे शिल्लक आहेत ना? त्यांना म्हणावं, फेरतपासणीचा अर्ज द्या. आपण करू. आपली चूक वगैरे लिहायची गरजच काय? सत्तावीस वर्षांत तुमचा एक रिपोर्ट मागे आलेला नाही."

"म्हणून तर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. मीही ठेवला."

"पण लोक म्हणतील दिराला वाचवायला केलं."

"म्हणू देत. तीन ठोकळे मी फोडणार नाही. धाकटी फोडेल. आणायला तुमचा इंजिनिअर जाईल, दीर नाही. आणि चिठ्ठी मी लिहितेच आहे, तुम्ही फक्त शिक्का मारा."

काकूंनी चिठ्ठी लिहिली. तीनशे अठराचा निकाल रद्द. ठोकळे थापीची बाजू वर करून बसवले गेले. फूट वाकडी होती, ती दिसूनही कळवली नाही. चाचणी फेल. खाली सही. साहेबांनी दोनदा वाचून शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे काकूंना एक महिना मशिनवरून काढून खिडकीत बसवलं. ठोकळे उतरवून घ्यायचे, पावती फाडायची. काकूंनी तक्रार केली नाही, पण पहिल्या दिवशी पंपाचा आवाज आला की त्यांचा हात आपोआप दाराकडे जायचा.

घरी मात्र वारं फिरलं. सासूबाई आता सुनेचं कौतुक शेजारपाजारी सांगत सुटल्या. "माझी सून दिरासाठी उभी राहिली," वगैरे. काकूंनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण सासूबाईंपुढे ते कधी उघडलंय? दीरही दोन दिवस सरळ मानेने फिरला. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की सोळा खोटं म्हणजे पंचवीस खरं.

बुधवारी ठोकळे आले. दीर परवानगी काढून जाळीच्या दाराबाहेर उभा राहिला, साहेब आत, काकू खिडकीतून उठून चार पावलं लांब. धाकटीने थापीची बाजू हाताने चाचपून ओळखली, आपल्याकडे वळवली, प्लेटा पुसल्या. पंप सुरू झाला. काळा काटा लालला ढकलत चढू लागला. सोळाची खूण मागे पडली तेव्हा दिराने जाळी धरली. काटा चढत राहिला, मग त्याचा वेग मंदावला, ठोकळ्याच्या आत चुरचुर झाली आणि काळा खाली आला.

एकवीस. दुसरा एकवीसपेक्षा थोडा कमी. तिसरा थोडा जास्त. तिन्ही चारी बाजूंनी सारखे ढासळले, मध्ये बारीक कंबरेचा गड्डा उरला. याहून नीट फूट काकूंनीही काढून दाखवली नसती.

"फेल," धाकटी हळूच म्हणाली.

दिराचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांनी सुस्कारा सोडला. "काय मिळवलंत, काकू? फेल ते फेलच. सोळा काय नि एकवीस काय."

"पाचाचा फरक आहे, साहेब," काकू म्हणाल्या. त्या आत गेल्या, गड्डा उचलला आणि उजेडात धरला. खडीचे दगड सिमेंटातून अलगद सुटून आले होते. चांगल्या काँक्रीटमध्ये दगड सिमेंटाला असा धरतो की फुटताना स्वतःही फुटतो. इथे एकेक दगड अख्खा निघाला होता आणि त्याच्या जागी गुळगुळीत खळगा राहिला होता. काकूंनी खळग्यात बोट फिरवलं. बोटाला बारीक मातकट धूळ लागली. जाळीच्या दारातून त्यांनी बोट दिराला दाखवलं.

"खडी धुतली होती का, भाऊजी?"

"त्या दिवशी पाणी कमी होतं," दीर म्हणाला. "बघायला लागेल."

तो चहाही न घेता गेला. संध्याकाळी सासूबाईंनी काकूंशी बोलणं टाकलं. बोलल्या त्या काकूंच्या नवऱ्यामार्फत, तेही एकच वाक्य: "तिला विचार, एवढं करून फेलच करायचं होतं तर आधीचं फेल काय वाईट होतं?" हा शांत माणूस. त्याने निरोप पोचवला आणि वर्तमानपत्र वाचत बसला. काकूंना त्या रात्री खरंच वाईट वाटलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं, ऐकणारं कुणी नव्हतं.

शुक्रवारी साइटवर बैठक भरली. खांबांच्या मधे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. दवाखान्याचा मालक, ठेकेदार, इमारतीचं डिझाइन करणारे वयस्कर इंजिनिअर बसले होते, आणि साहेबांनी काकूंना मुद्दाम सोबत आणलं होतं, कारण रद्द केलेल्या रिपोर्टबद्दल विचारणा होणार हे नक्की होतं. दीर एका खांबाशी उभा होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

मालकाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "एकाच मालाचे सोळा आणि एकवीस. बाई, तुम्ही स्वतः लिहून दिलंय की तुम्ही चुकलात. मग ह्या दुसऱ्या कागदावर मी का विश्वास ठेवू? त्यातून मुकादम तुमचा दीर."

साहेब खाकरले. काकू उभ्या राहिल्या.

"पहिला कागद चुकला हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"दुसऱ्या कुणी ओळखलं असतं का? तुम्ही? हे साहेब? रिपोर्ट छापून आला होता, शिक्का होता, सहा खांब उद्या फोडले असते. मी गप्प बसले असते तर मला कुणी विचारलं नसतं. दिराला वाचवायचं असतं तर पंचवीस काढून आणले असते, एकवीस कशाला आणू? हा दुसरा कागद मी केलेला नाही, तो मशिनवरच्या दुसऱ्या मुलीने केलाय, जिला माझ्या दिराचं नावही माहीत नाही. पण माझ्या कागदावर विश्वास ठेवायचा असेल तर तो ह्या चिठ्ठीवरून ठेवा. जी बाई स्वतःचं फेल लिहून देते, ती तुमचं लपवणार नाही."

मालक इंजिनिअरांकडे बघू लागला. म्हाताऱ्या इंजिनिअरांनी चष्मा पुसला, खिशातून कॅल्क्युलेटर काढलं आणि त्यावर आकडे दाबले. मग म्हणाले, "सोळा असते तर फोडा म्हणालो असतो, दुसरं काही बोललोच नसतो. एकवीस असेल तर फोडायची गरज नाही. सगळीकडून सळया बांधून नव्या काँक्रीटचं जाकीट घालता येईल. खांब जाड होतील, खोल्या थोड्या लहान होतील. पण इमारत उभी राहील. फक्त मला कळायला हवं की कमजोरी कशाने आली आणि सहाही खांबांत आहे का."

"खडीवाल्याने खराब खडी पाठवली," ठेकेदार घाईने म्हणाला. "आणि मुकादम मी बदलतोय. उद्यापासून नवा माणूस येईल."

मग दीर बोलला. खांबाला टेकलेला होता, तो सरळ उभा राहिला. "खडीवाल्याचा काही दोष नाही. खडी धुतली नाही हे मला माहीत होतं."

ठेकेदार त्याच्याकडे वळला. दीर थांबला नाही.

"त्या दिवशी टँकर आला नाही. मिक्सरसाठी तेवढं पाणी होतं, खडी धुवायला नव्हतं. ओतायचं थांबवलं असतं तर दिवस वाया गेला असता आणि पहिल्याच कामात उशीर केला म्हणून माझं नाव झालं असतं. मी म्हटलं, चालेल. चाललं नाही. पण ती खडी सहाही खांबांत नाहीये. दारापासूनचे दोन आधल्या दिवशीच्या धुतलेल्या खडीचे आहेत. उरलेल्या चारांत आहे. इंजिनिअरसाहेब, तुम्ही कुठलाही खांब भोक पाडून बघा, मी सांगतो तसंच निघेल."

काकूंना आधी राग आला. मस्तकात तिडीक गेली. ह्याला रविवारी माहीत होतं, आणि तरी हा टेबलाशी बसून 'असं कसं होईल' म्हणत होता, त्यांच्या घरची भाजी खात होता. आणि त्या रागाच्या मागून दुसरं काहीतरी आलं, ज्याने त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते भरू दिले. इतक्या माणसांसमोर, ज्याची नोकरी हातातून निसटत होती असा त्यांचा दीर, स्वतःचं फेल स्वतःच्या तोंडाने सांगत होता: कुठे, कशाने, किती खांबांत.

इंजिनिअरांनी वहीत दोन खांबांवर खूण केली आणि चारांभोवती गोल काढले. मग ठेकेदाराला म्हणाले, "ह्याला काढून तुम्ही जो नवा माणूस आणाल, त्याला ह्यातलं काय माहीत असेल? जाकीट हाच घालील. मी रोज येऊन बघीन, पण हाच घालील. नाहीतर मी सही करत नाही."

ठेकेदाराने मालकाकडे पाहिलं. मालकाने मान हलवली.

परतताना बसमध्ये दीर काकूंच्या शेजारी बसला. काकूंनी दोघांची तिकिटं काढली. मग त्या म्हणाल्या, "खोटं बोललात माझ्याशी."

"हो, वहिनी."

"पुन्हा बोललात तर घरात घेणार नाही."

"हो, वहिनी."

घरी सासूबाई दाराशीच होत्या. कुणी काही सांगायच्या आत दिराने चपला काढल्या, आईसमोर उभा राहिला आणि टँकरपासून जाकिटापर्यंत सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या आणि एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत होत्या. त्यांना इतके दिवस दोघांपैकी एकाला धरून दुसऱ्यावर राग काढायची सवय झाली होती.

"म्हणजे मला नीट सांगा," त्या म्हणाल्या, "ह्यात फेल कोण? तू की ही?"

"दोघंही," काकू आणि दीर एकदमच म्हणाले.

सासूबाई क्षणभर गोंधळल्या. मग सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा सुनेशी सरळ बोलल्या. "बस. कितीवर, तेही सांग."